बेमालूम सांधा

भाऊ म्हणून तो चिमीच्या जन्माआधीपासून होताच. पण माणूस म्हणून तिने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते ती सहा वर्षांची असताना, आणि त्याला निमित्त झाला आईचा चहाचा कप.

पांढरा, निळ्या काठाचा कप होता. चिमीच्या हातून तो ओट्यावर आपटला आणि कान निखळला. एका हातात कप, दुसऱ्या हातात कान, अशी ती आवाज न करता रडत उभी होती. दादा तेव्हा अकरा वर्षांचा. त्याने काही न विचारता दोन्ही तुकडे घेतले आणि घरामागे गेला. तासाभराने आला. कान जागच्या जागी होता. बाहेर आलेला डिंक त्याने पात्याने खरवडला होता, खडूची पूड भरली होती, ओल्या फडक्याने घासघासून सगळं सारखं केलं होतं.

"शोधून दाखव," तो म्हणाला, "कुठे तुटला होता ते."

चिमीने कप उजेडात धरला, बोट फिरवून पाहिलं. सापडेना. त्या दिवशी तिची खात्री पटली की आपला दादा काहीही करू शकतो. ती खात्री पुढे तीस वर्षं टिकली.

कपाची गोष्ट घरात नेहमी हसत सांगितली जायची, कारण तिला शेपूट होतं. आईने पाच वर्षं त्याच कपातून चहा घेतला आणि एका दुपारी कान तिच्या बोटात राहून कप मांडीवर पडला. मग सगळं उघडकीला आलं. दादा मान खाली घालून उभा. आई मांडीवर गार पाणी ओतत म्हणाली, "अरे, मोडलेला आहे हे माहीत असतं तर मी खालून हात दिला नसता का?" आग कमी झाल्यावर तीसुद्धा हसली.

मोठेपणी दादा वेल्डर झाला. रस्त्याच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड होती, शेजारी एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं मोटारसायकलींचं गॅरेज. दादा फाटकं करायचा, खिडक्यांचे गज, लोखंडी खाटा, शाळेचे बाक. दुसऱ्या वेल्डरांच्या कामावर टाके दिसतात, मुंग्यांची रांग मेल्यासारखे. दादाच्या कामावर टाका दिसला तर शपथ. टाका मारून झाला की तो ग्राइंडर घ्यायचा, मग कानस, मग पॉलिश पेपर, मग पुट्टी, मग रंग. गिऱ्हाईक बोट फिरवत राहायचं आणि हा हाताची घडी घालून उभा. "शोधून दाखवा."

मिस्त्रींनी त्याचं नाव बेमालूम ठेवलं. ते इतकं रुळलं की नवी माणसं शेडच्या दारात येऊन "बेमालूम साहेब आहेत का?" असं विचारायची. ते आडनाव आहे अशीच त्यांची समजूत.

लग्न त्याने केलं नाही. चिमीने विषय काढला की म्हणायचा, "मला फक्त लोखंड जोडता येतं गं." संध्याकाळचं जेवण मात्र तिच्याकडेच. चिमीच्या दोन खोल्या होत्या. खिडकीपाशी शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट शिवलेले शर्ट आणि गणवेश. घरात एक मुलगी आणि नवरा.

नवरा बेकरीचे पाव दुकानांत पोचवायचा, म्हणून सगळे त्याला पाववाले म्हणत. उंचीला इतका कमी की लग्नाच्या फोटोत त्याला लाकडी ठोकळ्यावर उभं केलं होतं आणि फोटोग्राफरने ठोकळासुद्धा फोटोत घेतला होता. तो फोटो त्यानेच हौसेने भिंतीवर लावला होता. पाहुण्यांना म्हणायचा, "डावीकडून बायको, मी आणि खाली ठोकळा."

आधी तो सायकलवर पाव न्यायचा. मग दुकानं वाढली, त्याने एक जुनी लाल मोटारसायकल घेतली. मागे कॅरियर, कॅरियरवर पावाचे क्रेट. सगळं झकास होतं, फक्त पाय टेकत नव्हते. एका पायाचा अंगठा टेकायचा, तोही गाडी तिरपी केली तर. त्याने यावर स्वतःचा उपाय काढला. ज्या रस्त्याने जायचं त्याचे सगळे फुटपाथ पाठ केले. थांबायचं तर फुटपाथच्या कडेला, पाय वर ठेवून. चिमीला सांगायचा, "सिग्नलला लोक पुढे घुसतात. मी कड पकडतो. कडेच्या माणसाला आयुष्यात कमी पडत नाही."

एक दिवस शाळेच्या फाटकाशी कड नव्हती. मुलीला सोडायला थांबला आणि गाडीसकट हळूच, अगदी सावकाश, आडवा झाला. पाव चारी दिशांना पळाले. मुलं हसली, पालक हसले, तोही हसला. "पडलो नाही," तो उठून म्हणाला, "जरा घाईने उतरलो."

घरी आल्यावर मुलीने हे सगळं नक्कल करून दाखवलं. चिमी हसली नाही. दादाला वाढताना ती म्हणाली, "तू एवढी लोकांची दारं-खिडक्या करतोस. यांची सीट तेवढी खाली आणून दे की."

"आतला फोम काढू थोडा," दादा म्हणाला.

"काढून झाला. आता लाकडी पाटावर बसल्यासारखं वाटतं, आणि पाय आहेत तिथेच आहेत. आज शाळेपाशी पडले. उद्या सिग्नलला पडतील आणि मागे बस असेल."

"अगं, मी पडलो नाही—"

"तुम्ही गप्प बसा. दादा, तू बोल."

दादा घास चघळत विचार करत राहिला. मग म्हणाला, "सीटखालची मागची फ्रेम कापावी लागेल. तीन बोटं खाली घेऊन परत जोडायची."

"जमेल?"

"आजवर काय जमलं नाही?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमी नव्या सीटचं कव्हर शिवून शेडवर घेऊन गेली तेव्हा लाल गाडीचं मागचं अंग उघडं पडलं होतं आणि मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभे होते.

"बेमालूम, फाटक आणि गाडी यांत फरक असतो," ते सांगत होते. "फाटक एका जागी उभं असतं. गाडीला रस्ता दिवसातून हजारदा वाकवतो, फक्त तुला दिसत नाही. कंपनीने ती नळी तिथे तशी का वळवली ते तुला माहीत नाही, मलाही नाही. मी तर म्हणतो हात लावू नको. लावायचाच असेल तर नळीच्या आत दुसरी नळी घाल, बाहेरून पट्टी दे, आणि टाका फुगलेला राहू दे. घासू नको. घासलास की जाडी गेली."

"फुगलेला टाका म्हणजे कपाळावरचं टेंगूळ, मिस्त्री."

"असू दे टेंगूळ. टेंगूळ आलेला माणूस जिवंत असतो."

तिघेही हसले. चिमीला आठवतं, आपणही हसलो होतो.

आत घालायच्या मापाची नळी दादाने शोधली. एक जाड होती, एक सैल. बाजारातून आणायची तर एक दिवस जाणार होता, आणि पाववाल्यांना पहाटे पाचला बेकरीवर उभं राहायचं होतं. दादाने नळ्या तोंडाला तोंड लावून जोडल्या. गोल फिरवून टाका मारला, चांगला खोल मारला. मग ग्राइंडर घेतला. मिस्त्री मान हलवत आपल्या गॅरेजात निघून गेले. पुट्टी, पॉलिश पेपर, आणि जुन्या लालला जुळणारा लाल रंग, जो मिळवायला त्याने तीन डबे एकमेकांत ओतले.

संध्याकाळी पाववाले आले. "शोधून दाखवा, जावईबापू."

पाववाल्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं. "नाही बुवा सापडत." मग ते गाडीवर बसले. दोन्ही पाय जमिनीवर. गाडी सुरूच करेनात, नुसते बसून राहिले. "अगं, बघ," ते चिमीला म्हणाले, "टाचासुद्धा."

गाडी दोन वर्षांहून अधिक चालली, कसलीही कुरकुर न करता. ते बघून माणसं येऊ लागली. ठेंगण्या माणसांचं जग आपल्याला वाटतं त्यापेक्षा मोठं असतं. एक नर्स आली, एक मीटर वाचणारा, कोर्टातला एक कारकून, दोन सख्खे भाऊ, एक गवंडी आणि शेवटी कुणीतरी एक चष्मेवाला जो नाव न सांगताच गाडी घेऊन गेला. दादाने अशा सात गाड्या केल्या. सातही बेमालूम.

तिसऱ्या वर्षी लाल गाडीची सीट करकरायला लागली. पाववाल्यांनी ते जेवताना सांगितलं. "बाईसाहेब जुन्या झाल्या की बोलणारच," असं म्हणत दादाने सीटच्या बिजागरीला तेल दिलं. करकर कमी झाली.

त्यानंतरच्या रविवारी चिमी गाडी धूत होती. सीटच्या खाली, उजव्या नळीवर, तिला एक केस चिकटलेला दिसला. तिने फडक्याने पुसला. गेला नाही. नखाने काढायचा प्रयत्न केला, तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती धावली. मग ते तिच्या डोक्यातून गेलं.

अपघात झाला तो नऊ दिवसांनी, सकाळी सव्वासहाला, पुलाच्या अलीकडच्या वळणावर. वेग साधाच होता. हेल्मेट डोक्यावर होतं. गाडी एकदम जागीच थांबली आणि पाववाले पुढे फेकले गेले. मानेचं हाड मोडलं. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं की रस्त्यावर शंभरेक पाव पडले होते आणि एकही माणूस त्यांच्यावर पाय पडू देत नव्हता.

वळणावर वाळू असते, म्हणून सगळे म्हणाले वाळू. पोलिसांनीही तेच लिहिलं. गाडी चौकीवरून आणायला दादा एकटा हातगाडी घेऊन गेला. ती त्याने शेडच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली आणि वर ताडपत्री टाकली.

पुढचे दिवस तो संध्याकाळी येत राहिला. बोलायचा नाही. घरात जे मोडलेलं नव्हतं तेही दुरुस्त करायचा. खिडकीची कडी बदलली, मशीनचा पट्टा बदलला, मुलीच्या दप्तराची चांगली चेन काढून दुसरी लावली. चिमी वाढायची, तो ताटाकडे बघत बसायचा. "दादा, दोन घास खा," ती म्हणायची, "तू असा राहिलास तर मी कुणाकडे बघू?" मग तो खायचा, औषध घेतल्यासारखं, एकेक घास. मुलगी त्याच्या मांडीला टेकून अभ्यास करायची. चिमीला वाटायचं, नवरा गेला, पण भाऊ आहे. हे वाटणं एवढाच तिच्या पायाखालचा आधार होता.

दीडेक महिना झाला असेल. नर्स गणवेश सैल करायला घेऊन आली. माप देता देता म्हणाली, "तुमच्या भावाचं मन फार मोठं आहे हो. माझी गाडी स्वतः येऊन घेऊन गेला. म्हणाला, मागची फ्रेम कंपनीची नवी बसवून देतो, तोवर चालवू नका."

"का?" चिमीने विचारलं. टाचण्या तिच्या ओठांत होत्या.

"मीही विचारलं, का? तर म्हणाला, माझं काम चुकलं. म्हटलं, चांगली चालतेय की! तर म्हणाला, तीसुद्धा चांगली चालत होती." नर्स एकदम थांबली. "तुम्हाला माहीत असेल ना?"

चिमीने टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या. डबीचं झाकण लावलं. मग चपला घालून ती बाहेर पडली. नर्स एक बाही उसवलेल्या गणवेशात आरशासमोर तशीच उभी राहिली.

शेडमध्ये दादा एका गाडीची मागची फ्रेम कापत होता. चिमी त्याच्याकडे न बघता कोपऱ्यात गेली आणि तिने ताडपत्री ओढली. लाल गाडी मागून खचली होती. सीटखालच्या दोन्ही नळ्या तुटलेल्या, मडगार्ड चाकात घुसलेलं.

"वाळू नव्हती," ती म्हणाली.

दादाने ग्राइंडर बंद केला. "नव्हती."

"दाखव."

त्याने उजव्या नळीचं तुटलेलं तोंड तिच्यासमोर धरलं. सांगताना आवाज कारागिराचाच होता, दुसरा आवाज त्याच्याकडे नव्हता. "हे तपकिरी दिसतंय ना, हा गंज. म्हणजे इथे आधीपासून चीर होती. पाणी आत जायचं. आणि हा नखाएवढा चकचकीत तुकडा, हा त्या दिवशी तुटला. शेवटी एवढ्याशा तुकड्यावर ते बसलेले होते. ते आणि चार क्रेट पाव. तो तुटला, सीट चाकावर बसली."

"चीर आधीपासून होती तर तुला दिसली कशी नाही?"

"वर पुट्टी होती. वर रंग होता. दिसू नये म्हणूनच घासला होता ना मी टाका. घासला तिथेच पातळ झाला."

चिमीने आयुष्यभर शिवण शिवली होती. शिवणीला लागून कापड कापलं की आतून छान सपाट बसतं, अंगाला टोचत नाही, आणि महिन्याभरात उसवतं, हे तिच्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलीलाही पहिल्या दिवशी सांगावं लागतं. शिवणीबाहेर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायची असते. तिने हे दादाला कधी सांगितलं नव्हतं. त्याला सांगायची गरज असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"आईचा कप आठवतो?" तिने विचारलं.

"रोज."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. रोज जेवायला बसलो की सांगणार होतो. तू वाढायला यायचीस, 'दोन घास खा' म्हणायचीस." त्याने तोंड फिरवलं. "तुझ्या हातचं जेवलो मी, चिमे. त्रेचाळीस दिवस जेवलो."

शेजारून मिस्त्री हळूच आत आले होते. त्यांनी चिमीच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरी, तो स्वतःहून सगळ्यांकडे जातोय. लोक वाट्टेल ते बोलतात, तरी जातोय. चूक पदरात घेतली आहे त्याने."

"घेतली ना. मी काय करू?" चिमी म्हणाली. "मीच म्हटलं होतं, सीट खाली आणून दे."

"तुझा काय दोष त्यात," दादा पटकन म्हणाला. "तू पाय टेकावेत म्हणालीस. कापलं मी."

तेव्हा, त्या क्षणी, चिमीला तो केस आठवला. उजव्या नळीवरचा. फडक्याने न गेलेला. सांगायला तोंड उघडलं आणि तिने विचारलं ते वेगळंच.

"किती गाड्या राहिल्या?"

"दोन. कारकून देत नाही. आणि चष्मेवाला सापडत नाही."

"कारकून कुठे राहतो?"

दोघं चालत गेली, ती पुढे, तो चार पावलं मागे. कारकून घरासमोर गाडी पुसत होता. दादाला पाहताच त्याचा चेहरा आंबला.

"परत आलात? अहो, काल सांगितलं ना. गाडी लोण्यासारखी चालते. कोर्टात सगळे विचारतात, कुठे करून घेतली. तुमच्याकडे अपघात झाला, वाईट झालं, पण तो वाळूने झाला. कागदावर तसं आहे."

"कागदावर आहे," चिमी म्हणाली. "रस्त्यावर नव्हती."

"तुम्ही कोण?"

"पाववाल्यांची बायको."

कारकुनाने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मला तुमची गाडी नको," ती म्हणाली. "फक्त त्याला बघू द्या. काही निघालं नाही तर आम्ही दोघं परत जातो, पुन्हा तुमच्या दारात येणार नाही."

दादा गाडीशी गुडघ्यावर बसला. खिशातून त्याने चाकू काढला, रॉकेलची छोटी बाटली आणि खडू. ही मिस्त्रींची जुनी रीत होती. सांध्यावरचा रंग आणि पुट्टी त्याने खरवडून काढली, रॉकेल लावलं, जरा थांबला, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं. मग नळीवर खडू घासून पांढरी पूड बसवली. "आत चीर असेल तर तिथे रॉकेल मुरलेलं असतं," तो कुणालाच उद्देशून नाही असं बोलला. "ते खडूत बाहेर येतं."

तिघेही बघत राहिले. पांढऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग एक ओली रेघ उमटली, केसाएवढी बारीक, आणि हळूहळू बोटभर लांब झाली.

"पोरगी मागे बसते माझी," कारकून म्हणाला. त्याने खिशातून किल्ली काढली आणि दादाच्या हातात न देता चिमीच्या हातात दिली.

रस्त्याच्या वळणाशी चिमी थांबली. किल्ली तिने दादाकडे दिली. "सहा झाल्या," ती म्हणाली. "आता जेवायला येऊ नकोस."

"बरं," दादा म्हणाला.

त्याने कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, तिचं तिलाच माहीत नव्हतं. राग होताच. पण तो समोर बसला की तिला ती उजवी नळी दिसणार होती, आणि आपण पाहिलं होतं हे त्याला सांगावं लागणार होतं. सगळा दोष एकट्याने उचलून तो चालला होता आणि ती त्याला उचलू देत होती. मुलीने आठवडाभर विचारलं, मामा का येत नाही. मग विचारणं सोडलं. खिडकीची कडी, मशीनचा पट्टा, दप्तराची चेन, सगळं नीट चालत होतं. कशाला हात लावला तरी त्याचाच हात लागल्यासारखं वाटायचं.

चष्मेवाला दादाला शेवटी सापडला, पण त्याने गाडी विकली होती. कुणाला विकली ते त्याला आठवत नव्हतं, गाडीचा नंबरही नाही. रंगही बदलला असेल म्हणाला. नंबर दादाने लिहून ठेवला नव्हता. फाटकाला नंबर नसतो, ही त्याची सवय.

सहा महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, चिमी बाजारातून येताना पेट्रोल पंपासमोरून गेली. दादा तिथे पंपाच्या कट्ट्याजवळ उभा होता, खिशातून खडू डोकावत होता. मोटारसायकल आली की वाकून सीटखाली बघायचा. कुणी हटकलं की सांगायचा, "एक मिनिट, तुमच्या गाडीची सीट खाली घेतली आहे का कधी?" काही जण हसायचे. एकाने त्याला चोर समजून ढकललं. तो बाजूला झाला आणि पुढच्या गाडीपाशी गेला. त्याने मारलेला सांधा बघून ओळखता येत नव्हता, म्हणून तो प्रत्येक गाडीवर बोट फिरवत होता, डोळे मिटून.

चिमी पिशवी घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याची दाढी कितीतरी दिवसांची वाढलेली होती.

"मी पाहिला होता," ती म्हणाली.

"काय?"

"तडा. गाडी धुताना. केस वाटला मला. पुसला, गेला नाही. दूध उतू गेलं म्हणून आत गेले. नऊ दिवस आधी. तुला सांगितलं नाही. कुणालाच नाही."

पंपावर गाड्या येत-जात होत्या. दादाने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि कट्ट्यावर ठेवली. तो तिला 'तुझा दोष नाही' म्हणेल, अशी भीती तिला वाटत होती. ते ऐकून घेणं तिला जमलं नसतं. तो तसं म्हणाला नाही.

"कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं.

"उजव्या. सांध्याच्या खालून."

"म्हणजे आधी खालून फुटला," तो स्वतःशी म्हणाला. "वजन साइड स्टँडवर डावीकडे, आणि चढताना ते उजव्या..." त्याने तळव्याने डोळे पुसले, खडूची पूड गालावर लागली. "बरं झालं सांगितलंस."

तिला वाटलं, याचा गाल पुसावा. हात उचलला गेला नाही. तिने पिशवी घेतली आणि ती घरी आली. जेवायला ये, असं तिने म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही. कधी कधी संध्याकाळी तिसरं ताट काढलं जातं आणि ती ते परत मांडणीवर ठेवते.

मिस्त्री थकले, आता गॅरेजात येत नाहीत. दादा शेडमध्ये फाटकं आणि खाटा करतो, टाके फुगलेले ठेवतो, गिऱ्हाइकांना ते आवडत नाही. गाडीला हात लावत नाही. सातवी गाडी सापडलेली नाही. दर रविवारी सकाळी आठपासून बारापर्यंत तो पेट्रोल पंपावर असतो आणि प्रत्येक गाडीची आधी उजवी बाजू बघतो.